डाव्या हाताचा ऊस

ऊस तुटला की आमच्याकडची गावं एकदम मोठी दिसायला लागतात. वर्षभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवी भिंत उभी असते, तिच्यामागे काय आहे याचा पत्ता नसतो. मग ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोयते चालतात, आणि चार दिवसांत मागचं घर, घरामागचा गोठा, गोठ्यामागची बाभळ आणि तिच्याही मागचा डोंगर असं सगळं उघडं पडतं. आळेफाट्याहून ओझरकडे जाताना एसटीच्या खिडकीतून बायका म्हणतात, "अगं बाई, हे घर इथं होतं होय!" मलाही पूर्वी मौज वाटायची. आता त्या मोकळ्या रानाचा मला राग येतो. राग काढायचा कुणावर, तर माझ्यावरच.

यंदाही ट्रॉल्या सुरू झाल्यात. माझं घर फाट्यावर, हमरस्त्याला लागून. सकाळी चहा घेत ओट्यावर बसावं तर एकामागून एक ट्रॅक्टर, वर मोळ्यांचा डोंगर, आणि गाणी अशी मोठ्यानं की कपातला चहा थरथरतो. डांबरावर चिरडलेल्या कांड्यांचा गोडसर, आंबूस वास दिवसभर नाकात राहतो. संध्याकाळी कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, त्याची काळी राख उडत उडत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. मी ती झटकते, कपडे काळे होतात आणि तीन वर्षांपूर्वीचा हंगाम पुन्हा सगळा आठवतो.

मी चित्रकलेची बाई. माहेर मंचरचं, सासर इथलं. शाळेत वीस वर्षं मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या आणि कंटाळले. मग ज्या पोरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा अक्षर डोक्यात ठरत नाही, त्यांच्यासाठी खेळणी करायला लागले. खेळता खेळता शिकायची. कापडाची भाकरी केली, तिचे पाव, अर्धे, पाऊण तुकडे चिकटपट्टीनं जोडायचे, आणि भाकरी पुरी झाली की आतून म्हशीचं हंबरणं ऐकू यायचं. पोरं त्या हंबरण्यासाठी अपूर्णांक करायची. वाळूच्या कागदाची बाराखडी केली. चिंचोक्यांची पाटी केली, बरोबर बेरीज झाली की दिवा लागायचा. हे सगळं करायला हात माझा, आणि विजेचं डोकं नवनाथचं.

नवनाथचं फाट्यावर दुकान आहे, ट्रकला हॉर्न, दिवे, टेप बसवून देतो. ट्रक मागे येताना जे बोलतं, ते त्यानंच बोलतं केलेलं. पहिल्यांदा त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, मला गोधडी बोलती करून हवी, तर हातातला पाना खाली ठेवून बघतच राहिला.

"बाई, घरी सगळं बरं हाये ना?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे. तुझं चालतं का ते सांग."

"आवं, दहा चाकी ट्रक बोलतो माझ्या हातनं. गोधडीचं काय घेऊन बसलात!"

ती गोधडी रेणूसाठी होती.

रेणू तेव्हा अकरा वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. ओझरच्या अलीकडे पाटाच्या पलीकडची त्यांची वस्ती. बाप भिवाभाऊ, आई संगीता. त्यांच्या घरी एके काळी मोठी खांडं होती मेंढरांची. आता दहा-पंधरा उरलेली, बाकी शेती. पोरगी भलती हुशार. एकदा ऐकलेलं पाढ्यासारखं म्हणून दाखवायची, वर तोंडाळ. तिला शाळेत पोचवायला रोज कुणीतरी लागायचं. संगीता खुरपायला गेली की रेणू घरी. भिवाभाऊ मेंढरांमागे गेला की रेणू घरी. वर्षातनं निम्मे दिवस घरीच.

"आता बास करू म्हनतो शाळा," भिवाभाऊ एक दिवस मला म्हणाला. "किती दिवस हात धरून न्यायची? आमचे हात कामात गुतलेले. आन दिवस हे असले, बिबट्याचे. परवाच त्या उसात दोन पिल्लं घावली."

रेणू तिथंच बसली होती. फ्रॉकची कड मुठीत गोळा करत राहिली. मला ते बघवलं नाही, आणि मला जे बघवत नाही त्यावर मी लगेच बोलते. तोंडाची फटकळच मी.

"ती एकटी जाईल," मी म्हटलं. "दिवसाउजेडी दहा वाजता, रानात बायका असताना कुठला बिबट्या येतोय? दिवाळीनंतर सुरू करते. संक्रांतीपर्यंत कुणाचा हात न धरता, कुणाला न विचारता रोज शाळेत गेली, तर शाळा चालू. बोला भिवाभाऊ, पैज?"

भिवाभाऊ हसला. "लई झालं बाई तुमचं." पण हो म्हणाला. रेणूनं मूठ सोडली. त्या वेळी मला माझंच केवढं कौतुक वाटलं होतं!

आमच्याकडे वाट सांगायची एक रीत आहे. कुणालाही विचारा, तो पिकावरून सांगतो. "सरळ जावा पावणं, म्होरं मका लागंल. मक्याच्या अंगानं वळा. डाव्या हाताला ऊस धरा, ऊस संपला का घर." पाटी, चौक, गल्ली असलं काही नाही. पीक बदललं की पत्ता बदलतो, आणि तो बदललाय हे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना दिसतंच की. मी इथं जन्म काढला, मलाही कुणी माझ्या माहेरचा मळा विचारला तर मी म्हणेन, त्या द्राक्षबागेच्या पलीकडं. ती बाग काढून चार वर्षं झाली असतील.

तर मी वाट शिवायला घेतली. संगीतानं तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी दिली, वर मी रेणूच्या घरापासून शाळेपर्यंतचा सगळा रस्ता कापडानं चितारला. घर म्हणजे घोंगडीचा तुकडा, हाताला टोचणारा. कांद्याची चाळ म्हणजे कांद्याच्या गोणीची लाल जाळी. वाटेसाठी नवनाथकडची ट्रकची ट्यूब कापून पट्टी लावली. पाटाला साटीनची गुळगुळीत रिबीन, पाटावरच्या मोरीला, त्या छोट्या पुलाला, बांगडीचा अर्धा तुकडा. उसासाठी मी फार जीव टाकला. खळ घातलेल्या कापडाच्या उभ्या, मोकळ्या पट्ट्या, बोट फिरवलं की सळसळ वाजायच्या. रेणूनं पहिल्यांदा हात लावला आणि म्हणाली, "दत्तूभाऊचा ऊस!" आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. ती तो ऊस कानानं ओळखत होती.

प्रत्येक तुकड्याखाली नवनाथनं एकेक बटण बसवलं. दाबलं की ज्याची जागा, त्याचा आवाज. चाळीपाशी संगीता बोलायची, मोरीपाशी भिवाभाऊ. उसापाशी दत्तूभाऊ, त्या रानाचा मालक: "रेणे, ह्यो माझा ऊस. डाव्या हाताला ठेव, संपस्तोवर सरळ चाल. संपला का उजवीकडं वळ, शाळा आली." आणि शेवटी त्याचा खोकला. तो खोकलाही आवाजाबरोबर आत गेला होता. मी म्हटलं पुन्हा बोलून घेऊ, तर रेणू हटूनच बसली. खोकला राहू द्या म्हणे. दिवसातनं वीस वेळा ती तेच बटण दाबायची आणि खोकला आला की खिदळायची.

तिनं त्याचा खेळ केला. घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटायला लावून गोधडीवरून बोटांनी शाळेत पाठवायची. भिवाभाऊची जाड बोटं मोरी सोडून भलतीकडेच गेली. "आण्णा, तुमी पाटात पडला!" ती टाळ्या पिटत ओरडली. भिवाभाऊनं डोळे उघडले नाहीत. तसाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "लई अवघड हाये गं हे, रेणे." मुलीला रोज काय वाटत असेल ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

एक गोष्ट मी गोधडीवर शिवली नाही. दत्तूभाऊच्या उसापलीकडे त्याचं शेततळं होतं. निळ्या प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं, दोन पुरुष खोल. ते काही शाळेच्या वाटेत नव्हतं. चित्र सुटसुटीत हवं, नको ते घातलं की मूल गोंधळतं, हे मी दुसऱ्या शिक्षकांना छाती काढून शिकवत आले होते. सुटसुटीत ठेवलं.

आणि रेणू चालायला लागली, राव! भिवाभाऊनं त्याची मेंढरांमागची काठी तिच्या मापानं तोडून दिली होती. पहिले आठ दिवस मी लांबून मागे असायची, मग तेही बंद केलं. सकाळच्या थंडीत पाटावर वाफ असायची. ती मोरीवर आली की जरा थांबायची, मान डावीकडे कलती करून सळसळ ऐकायची, आणि मग ताठ मानेनं निघायची. खुरपणाऱ्या बायका काम टाकून बघायच्या. "काय चालतीया पोरगी!" एकीनं कौतुकानं हात धरायला हात पुढं केला, तर रेणूनं काठी आपटून सांगितलं, "नगं मावशी, आमची पैज हाये."

जानेवारी उजाडला तेव्हा पुण्याहून बोलावणं आलं. मुलांसाठीच्या शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन होतं, गोधडी मांडायची होती. रेणू म्हणाली, "न्या की बाई, मला आता पाठ झालीया." मी घेऊन गेले. लोकांनी गर्दी केली. छान छान साड्यांतल्या बायका उसाच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवायच्या, दत्तूभाऊ खोकला की हसायच्या. माझा फोटो निघाला. कुणीतरी माईक पुढं केला तर मी म्हणाले, "ही मुलगी आता कुणाला न विचारता शाळेत जाते." टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्या चांगल्या पोटभर खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत रेणूला ताप आला होता. चार-पाच दिवस ती घरातच होती. आणि त्याच दिवसांत दत्तूभाऊच्या उसाला टोळी आली.

परत येताना एसटीत गोधडी माझ्या मांडीवर होती. ओझरच्या रस्त्याला खिडकीतून शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं, उन्हात चकाकत होतं. एरवी ते दिसत नाही. ऊस तुटला वाटतं दत्तूभाऊचा, असं मनात आलं आणि शाळा अशी लांबून दिसली म्हणून मला बरं वाटलं. एवढंच माझ्या मनात आलं. बारा तुकडे मी माझ्या हातानं शिवले होते, त्यातला सर्वांत लाडका माझ्या मांडीवर सळसळत होता, आणि मी छप्पर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून रेणू शाळेला निघाली. संगीतानं तिला चाळीपाशी सोडलं आणि खुरपायला गेली. ऊस तुटलाय हे संगीताला दिसत होतं, भिवाभाऊला दिसत होतं, दत्तूभाऊनं तर तोडलाच होता. सगळ्यांना दिसत होतं म्हणून कुणी तिला सांगितलं नाही. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. तरी झालं ते झालंच.

मोरी ओलांडल्यावर डाव्या हाताला काही नव्हतं. ट्रॉल्यांनी वाटेची कडही मोडून टाकली होती, वाट कुठं संपते आणि रान कुठं सुरू होतं हे पायाला कळायला जागा उरली नव्हती. ती डावा हात पुढं करून उसाला शोधत रानात शिरली. रान ओलांडून शेततळ्याच्या भरावावर चढली. तिकडचं कुंपण ट्रॉली वळवायला काढून ठेवलेलं. प्लॅस्टिकवरून घसरली ती थेट पाण्यात. वर यायला त्या अस्तरावर पाय ठरत नाही, दिसणाऱ्यालाही नाही. मोटारीचा पाइप तिच्या हाताला लागला म्हणून ती वाचली. किती वेळ धरून होती कुणास ठाऊक.

आम्ही सगळे बिबट्याला घाबरत होतो. शेततळ्याला कुणीच घाबरत नव्हतं.

तिला बाहेर काढलं टोळीतल्या एका बाईनं, ट्रॉलीचा दोर टाकून. लांबच्या मुलखातली बाई, कडेवर पोर. मी पोचले तेव्हा ती बाई भरावावर बसून येईल त्याला तेच सांगत होती. "म्या बघितलं व्हतं तिला जाताना. काठी टेकत एकलीच चाललीया. म्हनलं आंधळी दिसती, पर चाल कशी ताठ! वाट ठावं असंल तिला, म्हनून म्या बोललेच न्हाई. बोलाया पायजे व्हतं वं."

मी तिला म्हटलं, तुमची काय चूक. तिची समजूत घालणं मला सोपं गेलं.

रेणू पंधरा दिवस नारायणगावला दवाखान्यात होती. छातीत पाणी गेलेलं, ताप हटेना. घरी आली ती बोलणं विसरूनच. ती दवाखान्यात असताना मी त्यांच्या घरी नेऊन ठेवलेली गोधडी भिवाभाऊनं धुऊन, घडी घालून माझ्याकडे आणून दिली. त्याला ठाऊक नव्हतं, धुतल्यावर तिच्यातलं सगळं बंद पडणार होतं. दारातच उभा राहिला, आत आला नाही. "बाई, तुमच्यावर राग न्हाई. तुमी चांगल्यासाठीच केलं. पन आता बास." असं म्हणून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून रेणू शाळेत गेली नाही. मी वरचेवर जायची, इकडचं तिकडचं बोलायची, खाऊ ठेवून यायची. खरं बोलायचं ते तोंडापर्यंत येऊन परत जायचं. एवढी फटकळ बाई मी, पण तीन वर्षं मला एक वाक्य बोलता आलं नाही. भाकऱ्या आणि बाराखड्या मी अजून करते. पोरांना कुठं पाठवणारं काही करत नाही.

गेल्या आठवड्यात दत्तूभाऊच्या रानात पुन्हा टोळी उतरली आणि मला राहवलं नाही. दुपारी भिवाभाऊच्या घरी गेले. संगीता रानात होती. रेणू ओसरीच्या आत भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. चौदाची झाली आता, हनुवटी बापासारखी झालीय. माझ्या पायांचा आवाज तिनं ओळखला.

मी तिच्यापाशी बसले, दोन शेंगा फोडल्या आणि बोलून टाकलं. "रेणू, चूक माझी होती. ऊस तुटलेला मी आदल्या दिवशी बघितला होता, एसटीतून. तुला सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "मला ठावं व्हतं, बाई."

"काय ठाऊक होतं?"

"ऊस तुटलाय ते. मोरी ओलांडली तवाच कळलं. सळसळ नव्हती. काठीला उसाचं बुडखं लागत व्हतं. पलीकडच्या रानात बायका बोलत व्हत्या, कोयतं वाजत व्हतं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग हाक का नाही मारलीस? धावत आल्या असत्या त्या."

"आल्या असत्या. हात धरून घरी आनून सोडलं असतं." तिनं आणखी एक शेंग फोडली. "मंग पैज गेली असती ना. संक्रांतीला तीनच दिस व्हते. कुनाला न इचारता जायचं, असं तुमीच बोलला व्हता आण्णांशी. म्हनून म्या ताठ चालले, चुकलीया हे कुनाला वळखू येऊ नये म्हनून. म्हनलं, चालत राह्यलं का कुठंतरी ऊस लागंलच."

मी तिथं बसून रडले. चौदा वर्षांच्या पोरीपुढं, तोंडाला पदर न लावता. बारा तुकडे, बारा बटणं, बारा माणसांचे आवाज. कुणी सांगत होतं सरळ चाल, कुणी सांगत होतं वळ. थांब, चुकलीस तर ओरड, असं सांगणारं एकही बटण मी केलं नव्हतं, आणि ते विसरून राहिलं होतं असंही नाही. माझ्या गोधडीवर मुलगी चुकते हेच मला चालणार नव्हतं.

नाक पुसून मी म्हटलं, "नवी करू या का आपण? या खेपेला तू सांगशील तशी. आण्णांशी मी बोलते."

"नगं बाई," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना रुसवा. "आता मला हात धरायची सवय झाली."

शेंगांचं सूप बाजूला सारून तिनं हात वर केला आणि तो तसाच अधांतरी धरून वाट बघत राहिली. मला आधी कळलं नाही. मग कळलं, तिला दारात उन्हाला जाऊन बसायचं होतं. मी तिचा हात धरला. दारापर्यंतची आठ पावलं ती माझ्या मागून चालली, स्वतःच्या घरात.